माइल्स चोरीला जातात तेव्हा: विमान कंपन्यांच्या नावाने येणाऱ्या फसव्या मेलपासून कसं जपायचं?



आज मी तुमच्याशी विमान कंपन्यांच्या माइल्सबद्दल बोलणार आहे. ते कसे साठवायचे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. आपल्या प्रत्येक मित्रमंडळात असा एक तरी माणूस असतोच, ज्याला कुठल्या क्रेडिट कार्डावर किती बोनस मिळतो हे तोंडपाठ असतं. मी बोलणार आहे ते साठवलेले माइल्स हातचे कसे जातात याबद्दल. सुरुवात माझ्या स्वतःच्या फजितीपासून करतो.

मी वीस वर्षं आयटीत आहे. ऑफिसमध्ये 'अनोळखी लिंकवर क्लिक करू नका' हे ट्रेनिंग मी स्वतः देतो. गेल्या वर्षी मार्चमध्ये एका गुरुवारी संध्याकाळी मुलीला पोहण्याच्या क्लासला सोडून मी पार्किंगमध्ये गाडीत बसलो होतो. फोनवर मेल आला. आम्ही ज्या कंपनीचे माइल्स साठवतो तिच्याच नावाचा. 'तुमच्या अलीकडच्या बुकिंगचे माइल्स जमा होऊ शकले नाहीत. ४८ तासांत खात्याची खात्री करून द्या.' योगायोग असा की दोनच दिवसांपूर्वी मी आई-बाबांची उन्हाळ्याची तिकिटं काढली होती. त्यामुळे मेल मला अगदी रास्त वाटला. लिंक दाबली. लोगो तोच, रंग तोच. ईमेल आणि पासवर्ड टाकला. फोनवर ओटीपी आला, तोही टाकला. 'धन्यवाद, माइल्स लवकरच जमा होतील.' तेवढ्यात मुलगी ओल्या केसांनी गाडीत येऊन बसली, आम्ही घरी आलो आणि मी ते विसरून गेलो.

अकरा दिवसांनी रात्री सव्वादोनला साताऱ्याहून भावाचा फोन आला. बाबांच्या छातीत दुखत होतं म्हणून त्यांना ॲडमिट केलं होतं.

आमच्या खात्यात एक लाख नव्वद हजार माइल्स होते. ते हवाईला जायचे माइल्स नव्हते. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असतील तसेच ते आमचे 'इमर्जन्सीचे माइल्स' होते. असा फोन कधीतरी येणार हे परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाला आतून ठाऊक असतं, आणि त्या दिवसासाठी आपण काहीतरी बाजूला ठेवलेलं असतं. मी खातं उघडायला गेलो तर पासवर्ड चालेना. 'पासवर्ड विसरलात?' वर गेलो तर नवीन पासवर्डाची लिंक कुणा भलत्याच ईमेलवर जात होती. तासभर फोनवर थांबल्यावर कंपनीची बाई म्हणाली, 'सर, दहा दिवसांपूर्वी या खात्यातून दोन तिकिटं काढली गेली आहेत. प्रवास झालेला आहे.' प्रवाशांची नावं आम्ही आयुष्यात ऐकली नव्हती. शिल्लक होते ४१२ माइल्स.

तिकीट शेवटी पैसे भरून काढलं. ऐन वेळचं तिकीट केवढ्याला पडतं ते तुम्हाला सांगायला नको. बाबा आता बरे आहेत, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहणार नाही. पण त्या रात्री मी किती मूर्ख आहे याचा विचार करण्यात माझा एक तास गेला, आणि तो तास मला भावाशी बोलण्यात घालवायचा होता.

माइल्स म्हणजे पैसेच, पण पैशांसारखं संरक्षण नाही

आपण माइल्सकडे बक्षीस म्हणून बघतो, दुकानदाराने वरून घातलेल्या मूठभर फुटाण्यांसारखं. विमान कंपन्या तसं बघत नाहीत. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ च्या मे महिन्यात ॲडव्हान्टेज ही योजना सुरू केली, आणि काही दिवसांतच युनायटेडही त्यात उतरली. आज हा प्रचंड मोठा धंदा आहे. २०२० मध्ये कोविडमुळे विमानं जमिनीवर उभी होती, तेव्हा युनायटेडने आपली मायलेजप्लस योजना तारण ठेवून ६८० कोटी डॉलर उभे केले, आणि डेल्टाने स्कायमाइल्सच्या तारणावर ९०० कोटी डॉलर. एमबीए करताना आम्हाला शिकवलं होतं की ग्राहकाला दिलेले माइल्स हे कंपनीच्या ताळेबंदात देणं म्हणून दिसतात. म्हणजे कंपनीच्या हिशेबात ते पैसे आहेत, सावकाराच्या हिशेबातही आहेत आणि चोराच्या हिशेबात तर नक्कीच आहेत. फक्त आपणच ते पैसे समजून जपत नाही.

आणि खरी गोम पुढेच आहे. अमेरिकेत तुमचं क्रेडिट कार्ड कुणी चोरून वापरलं, तर केंद्रीय कायद्याने तुमची जबाबदारी जास्तीत जास्त ५० डॉलर. माइल्सना असं कवच नाही. बहुतेक योजनांच्या अटींमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की माइल्स ही सभासदाची मालमत्ता नाही. २०१४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापुढे नॉर्थवेस्ट विरुद्ध गिन्सबर्ग हा खटला आला होता. मिनेसोटामधल्या एका रब्बायचं माइल्सचं खातं नॉर्थवेस्ट एअरलाइन्सने बंद केलं होतं. कंपनी सद्भावनेने वागली नाही, हा त्यांचा राज्याच्या कायद्याखालचा दावा कोर्टाने एकमताने फेटाळला, कारण १९७८ चा विमानसेवेचा केंद्रीय कायदा आड येत होता. तो खटला चोरीचा नव्हता. पण माइल्सच्या बाबतीत आपली बाजू किती लंगडी असू शकते, हे त्यातून कळतं. चोरी लवकर कळवली तर कंपन्या पुष्कळदा माइल्स परत देतात. पण ते त्यांच्या धोरणावर अवलंबून असतं. माझे परत मिळाले, सहा आठवड्यांनी. इमर्जन्सी सहा आठवडे थांबत नाही.

त्यांना माझं नाव, माझा नंबर कसा माहीत?

'पण मेलमध्ये माझं बरोबर नाव होतं, सभासद क्रमांकही बरोबर होता,' असं खूप जण सांगतात. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. २०२१ च्या मे महिन्यात एअर इंडियाने जाहीर केलं की त्यांची प्रवासी यंत्रणा सांभाळणाऱ्या सिटा या कंपनीवर सायबर हल्ला झाला आणि जगभरातल्या सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती त्यात सापडली. नाव, जन्मतारीख, संपर्क, पासपोर्टची माहिती, तिकिटाचा तपशील, फ्रीक्वेंट फ्लायरची माहिती. ऑगस्ट २०११ ते फेब्रुवारी २०२१ या काळात नोंदवलेली. त्या दहा वर्षांत एकदाही एअर इंडियाने घरी गेला नाही असा माणूस आपल्यात किती सापडेल? त्याआधी २०१८ मध्ये कॅथे पॅसिफिकच्या सुमारे ९४ लाख प्रवाशांची माहिती बाहेर गेली होती. २०२५ मध्ये क्वांटासच्या सुमारे ५७ लाख ग्राहकांची.

म्हणजे तुमचं नाव, तुमची कंपनी आणि कदाचित तुमचा सभासद क्रमांकही बाजारात फिरत असू शकतो. पूर्वी घरी भविष्य सांगणारा येऊन म्हणायचा, 'ताई, तुमच्या घरात म्हातारं माणूस आहे आणि एक मुलगा दूरदेशी आहे.' आजी थक्क व्हायची. तो शेजारच्या घरी आधी चौकशी करून आलेला असायचा. हे तसंच आहे.

ओटीपी खरा होता, दार खोटं होतं

आता माझ्याकडून नेमकं काय झालं ते नीट समजून घ्या, कारण इथेच शिकलेसवरलेले लोकही फसतात. आपल्याला वाटतं, 'ओटीपी आला, म्हणजे साइट खरी आहे.' माझ्या फोनवर आलेला ओटीपी खराच होता. तो खऱ्या कंपनीनेच पाठवला होता.

मी खोट्या पानावर पासवर्ड टाकला, त्याच क्षणी चोराच्या प्रोग्रॅमने तो खऱ्या साइटवर टाकला. खऱ्या साइटला वाटलं मीच आलोय, म्हणून तिने मला ओटीपी पाठवला. तो मी खोट्या पानावर टाकला आणि त्यांनी तो तिथून उचलून खऱ्या साइटवर दिला. वीस-पंचवीस सेकंदांचं काम. ओटीपी म्हणजे कुलपाची दुसरी किल्ली. पण तुम्ही दोन्ही किल्ल्या एकाच चोराच्या हातात दिल्यात, तर कुलूप कितीही भारी असून काय उपयोग?

आत शिरल्यावर ते आधी ईमेल आणि फोन नंबर बदलतात. मग माइल्स पटकन संपवतात. लगेचच्या तारखेची तिकिटं, गिफ्ट कार्ड, हॉटेल, जे मिळेल ते. तिकिटं अनेकदा 'स्वस्त बिझनेस क्लास' म्हणून तिसऱ्याच माणसाला विकली जातात. तेव्हा कुणी ओळखीतून 'माइल्सवर अर्ध्या किमतीत तिकीट काढून देतो' म्हणालं, तर त्यापासूनही चार हात लांब राहा. ते माइल्स कुणाचे आहेत हे तुम्हाला माहीत नसतं, आणि तिकीट चोरीच्या माइल्सचं निघालं तर कंपनी ते रद्द करते. मग विमानतळावर सामानासकट उभे तुम्ही असता.

अजून एक गोष्ट. चोरीच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, माझ्या इनबॉक्समध्ये दोन तासांत सहाशेच्या वर मेल येऊन पडले होते. कुठल्या कुठल्या दुकानांचे, कसकसल्या न्यूजलेटरचे. मी वैतागून सगळे एकदम निवडून डिलीट केले. त्यातच 'तुमचा ईमेल पत्ता बदलला आहे' आणि 'तुमचं तिकीट बुक झालं आहे' हे दोन खरे मेल होते. तो पूर मुद्दाम सोडलेला असतो. तुमच्या इनबॉक्समध्ये कधी अचानक असा पूर आला, तर तो निव्वळ कचरा समजू नका. त्यात बँकेचं, विमान कंपनीचं, क्रेडिट कार्डाचं नाव शोधा.

गळाला लावायची आमिषं

पहिलं आमिष, 'तुमचे माइल्स आज रात्री संपणार.' यावर उत्तम उतारा म्हणजे आपल्या योजनेचा नियम माहीत असणं. डेल्टा आणि युनायटेडचे माइल्स मुदतीने संपतच नाहीत. साउथवेस्ट आणि जेटब्लूचे पॉइंटही नाहीत. त्यामुळे त्यांच्या नावाने 'आज रात्री संपणार' असं आलं की ते तिथेच खोटं ठरतं. अमेरिकन एअरलाइन्सचे माइल्स साधारणपणे २४ महिने खात्यात काहीच हालचाल झाली नाही तर संपतात. ब्रिटिश एअरवेजच्या एव्हिओसना ३६ महिन्यांची मुदत आहे. हे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून वर्षातून एकदा आपल्या खात्यात जाऊन मुदत बघा आणि कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा. तारीख आपल्याला माहीत असली की दुसऱ्याला घाबरवता येत नाही.

दुसरं, 'योजना बदलली आहे, खातं नव्याने जोडा.' हे आपल्या लोकांसाठी फार घातक, कारण असे बदल खरोखर झालेत. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि क्लब विस्ताराचे सभासद एअर इंडियाच्या महाराजा क्लबमध्ये आले. अशा काळात खरे मेल येतातच. त्या गर्दीत खोटा मेल मिसळायला कितीसा वेळ लागतो? खरा मेल असला तरी त्यातली लिंक दाबायची गरज नसते. तीच सूचना तुमच्या ॲपमध्ये दिसली पाहिजे.

तिसरं, खोटं कस्टमर केअर. फ्लाइट रद्द होते, आपण घाईघाईत गूगलवर नंबर शोधतो, सगळ्यात वर जाहिरात दिसते आणि आपण फोन लावतो. पलीकडचा माणूस गोड हिंदीत बोलतो, पीएनआर घेतो, सभासद क्रमांक घेतो, 'व्हेरिफिकेशनसाठी' ओटीपी मागतो, वर बदलाची फी म्हणून कार्डही मागतो. २०२३ च्या उन्हाळ्यात गूगल मॅपवर काही मोठ्या विमान कंपन्यांच्या नावापुढेच भलते फोन नंबर लावलेले आढळले होते. सोशल मीडियावर तुम्ही रागाने तक्रार लिहिलीत, की पाच मिनिटांत कंपनीच्या लोगोचं खातं तुम्हाला मेसेज करतं, तेही पुष्कळदा बनावट असतं. नंबर घ्यायचा तो तिकिटावरून, सभासद कार्डाच्या मागून किंवा ॲपमधून. आणि तो आजच फोनमध्ये सेव्ह करून ठेवायचा.

चौथं, व्हॉट्सॲपवरचं. 'अमुक विमान कंपनीच्या वर्धापनदिनानिमित्त दोन तिकिटं मोफत, दहा जणांना पाठवा.' हे आपल्या मावशी-काकांच्या ग्रुपवरून येतं, म्हणून आपल्याला खरं वाटतं. मावशी खरी असते, तिकिटं खरी नसतात.

पत्ता शेवटून वाचा

लिंक खरी की खोटी, हे ओळखायची एक सोपी युक्ती सांगतो. नाशिकमध्ये पुणे रोड आहे. पाकिटावर 'पुणे रोड, नाशिक' असं लिहिलं तर पत्र कुठे जाईल? नाशिकला. पत्त्यात पुण्याचं नाव आहे म्हणून पोस्टमन ते पुण्याला नेणार नाही. तो शेवटचं गाव बघतो.

वेबसाइटचा पत्ताही तसाच वाचायचा. 'एचटीटीपीएस' नंतरच्या दोन तिरप्या रेघा सोडा. पुढे जी पहिली तिरपी रेघ येते, तिच्या लगेच आधीचे शब्द म्हणजे शेवटचं गाव. कंपनीचं नाव 'डॉट कॉम'सह सुरुवातीला आहे आणि मग पुढे आणखी डॉट, आणखी काहीतरी शब्द आहेत, तर तो 'पुणे रोड, नाशिक' आहे. कंपनीचं नाव फक्त रस्त्याचं नाव म्हणून लावलंय. शिवाय इंग्रजीतली आर आणि एन ही अक्षरं चिकटून लिहिली की फोनच्या पडद्यावर एमसारखी दिसतात. मोठा आय आणि लहान एल यांतला फरक तर चष्मा लावूनही कळत नाही. कुलपाच्या चित्रावरही विसंबू नका. त्याचा अर्थ एवढाच की तुमचं आणि त्या साइटचं बोलणं मधल्यामध्ये कुणी ऐकत नाही. ती साइट चोराची नाही, असा त्याचा अर्थ होत नाही.

खरं सांगायचं तर रोजच्या धावपळीत पत्ता दर वेळी कोण वाचणार? मीही वाचला नव्हता. म्हणून त्याहून सोपा आणि पक्का नियम हा: त्यांनी दाखवलेल्या दाराने आत जायचंच नाही. मेल खरा वाटो की खोटा, तो बंद करा, विमान कंपनीचं ॲप स्वतः उघडा आणि तिथे बघा. खरं काम असेल तर ते तिथे दिसेलच. त्या गुरुवारी मी एवढं केलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

आज रात्री करायची कामं

कागद-पेन घ्या. वाचत असाल तर यादी उतरवून फ्रिजवर लावा.

१. प्रत्येक विमान कंपनीच्या खात्याला वेगळा, लांब पासवर्ड ठेवा. २०१५ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या एक्झिक्युटिव्ह क्लबची हजारो खाती अशीच उघडली गेली होती. चोरांनी दुसरीकडून मिळवलेले तपशील तिथे चालवून पाहिले होते. एकच किल्ली सगळ्या घरांना असली की असं होतं.

२. पासवर्ड मॅनेजर वापरा. त्याचा एक मोठा फायदा कुणी सांगत नाही. तो साइटचा पत्ता अक्षर न् अक्षर तपासतो आणि पत्ता जुळला नाही तर पासवर्ड आपणहून भरत नाही. रोज आपोआप भरला जाणारा पासवर्ड आज भरला गेला नाही, तर थांबा. हाताने टाकू नका. तो तुम्हाला काहीतरी सांगतोय.

३. खात्यात दुहेरी तपासणीची सोय असेल तर चालू करा. पासकीची सोय असेल तर ती घ्या. पासकी खऱ्या साइटशीच बांधलेली असते, त्यामुळे खोट्या पानावर ती चालतच नाही. माझ्यासारखा ओटीपीचा घोळ तिथे होऊ शकत नाही.

४. तुमच्या ईमेलला सगळ्यात भक्कम कुलूप लावा. ईमेल हातात आला की बाकीची सगळी खाती एकेक करून हातात येतात.

५. माइल्स खर्च झाले किंवा माहिती बदलली की मेसेज येईल, अशी सूचना चालू करा. महिन्यातून एकदा बँकेच्या स्टेटमेंटबरोबर माइल्सची शिल्लकही बघा.

६. बोर्डिंग पासचा फोटो कुठेही टाकू नका. त्यावर नाव असतं, पीएनआर असतो, आणि त्या बारकोडमध्ये सभासद क्रमांकही असू शकतो. पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर बुकिंग उघडतं. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी ॲबट यांनी २०२० मध्ये बोर्डिंग पासचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला, आणि एका जाणकाराने त्यावरून त्यांचा पासपोर्ट नंबर शोधून काढला. त्या माणसाने तो प्रामाणिकपणे कळवला. प्रत्येक जण कळवेलच असं नाही. 'चाललो मायदेशी' म्हणून फोटो टाकायचाच असेल, तर वडापावचा टाका.

झालंच, तर पहिल्या तासात काय?

लाज वाटेल. मला तर फार वाटली. बायकोला सांगायलाच मला वीस मिनिटं लागली. पण ही वेळ लाजेची नाही, फोन करायची आहे.

पहिलं, ॲप उघडून पासवर्ड बदला आणि 'सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा' असा पर्याय असेल तर तो दाबा. आत जाता येत नसेल तर लगेच कंपनीला फोन करून खातं गोठवायला सांगा. न वापरलेलं तिकीट असेल तर ते रद्द करायचा आग्रह धरा. बोलणाऱ्याचं नाव, वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. दुसरं, तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल, तिथेही बदला. ईमेलच्या सेटिंगमध्ये जाऊन कुणी मेल दुसरीकडे वळवायचा नियम घातलाय का तेही बघा. तिसरं, कार्डाचा नंबर दिला असेल तर बँकेला कळवा. पासपोर्ट किंवा सोशल सिक्युरिटी नंबर गेला असेल तर अमेरिकेत तिन्ही क्रेडिट ब्युरोंकडे क्रेडिट गोठवा. ते मोफत आहे.

चौथं, तक्रार नोंदवा. अमेरिकेत रिपोर्टफ्रॉड डॉट एफटीसी डॉट गव्ह आणि एफबीआयचं आयसी३ डॉट गव्ह. फसवा टेक्स्ट मेसेज आला असेल तर तो ७७२६ या नंबरला पाठवा. हा नंबर ब्रिटनमध्येही चालतो. ब्रिटनमध्ये फसवा ईमेल 'रिपोर्ट ॲट फिशिंग डॉट गव्ह डॉट यूके' या पत्त्यावर पाठवता येतो. भारतात पैसे गेले असतील तर १९३० या हेल्पलाइनला ताबडतोब फोन. आखातातल्या मंडळींनी आपल्या देशाच्या पोलिसांच्या सायबर विभागाकडे जावं. या तक्रारीची प्रत जपून ठेवा. माझे माइल्स परत मिळवताना कंपनीने सगळ्यात आधी तीच मागितली. कंपनी दादच देत नसेल, तर अमेरिकेच्या वाहतूक खात्याकडे तिच्याविरुद्ध तक्रार करता येते.

आई-बाबांच्या खात्यांचं काय?

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. आपल्यापैकी बहुतेकांनी आई-वडिलांची, सासू-सासऱ्यांची, मुलांची खाती आपणच उघडून दिलेली आहेत. सगळ्यांना एकच पासवर्ड, बहुधा कुणाचं तरी नाव आणि जन्मसाल. त्या खात्यांकडे वर्षानुवर्षं कुणी बघत नाही, म्हणून चोराला ती जास्त आवडतात. या रविवारी व्हिडिओ कॉलवर तेवढं काम उरका.

आणि आई-बाबांना दहा नियम सांगू नका, एकच सांगा. 'विमानाचं काहीही आलं, फोन, मेसेज, मेल, तर काही दाबायचं नाही. मला फोन करायचा. माझ्याकडे रात्र असली तरी.' हे शेवटचं वाक्य विसरू नका. 'त्याची झोप मोडेल' म्हणून आपली माणसं विचारायचं टाळतात, आणि चोराला नेमकं तेच हवं असतं.

मी साताऱ्याला पोहोचलो तेव्हा बाबा आयसीयूतून बाहेर आले होते. मला बघून पहिलं काय विचारलं, तर 'तिकिटाला किती पडले?' मी म्हटलं, 'काही नाही बाबा, माइल्सवर आलो.' त्यांना बरं वाटलं. पोराने काटकसरीने साठवलेलं वेळेला कामाला आलं म्हणून.

ते खोटं मी अजून दुरुस्त केलेलं नाही. तुमच्यावर तशी वेळ येऊ नये, म्हणून आज हे सगळं सांगितलं. दहा मिनिटं काढा, आज रात्रीच. जेवणानंतर, भांडी आवरायच्या आधी. पुढच्या कार्यक्रमात भेटूच. तोवर काळजी घ्या, नमस्कार!